एडिंबरा पायी बघताना: पायऱ्या चढायच्या, उतार उतरायचा

मी साताऱ्याची. तेहेतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर उन्हाळ्यातले तीन-चार महिने एडिंबराला लेकीकडे येऊन राहते. लेक-जावई सकाळी आठला घराबाहेर पडतात, ते संध्याकाळी सहाला परत येतात. पहिल्या वर्षीचे पंधरा दिवस मी खिडकीशी बसून काढले. मग ठरवलं, हे गाव पायाखालून घालायचं. यंदा माझं इथलं तिसरं वर्ष. मुलांकडे येणारे बरेच मराठी आईबाबा मला बागेत भेटतात आणि विचारतात, "एकट्यानं फिरायचं तर कुठून सुरुवात करायची?" गुडघे साठीच्या पुढचे आहेत, हे धरूनच त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट सांगते, कारण या शहराची खरी अडचण तीच आहे. लेक म्हणाली, "आई, दुपारी काउगेटला भेटू." मी फोनवर बघत बघत पोचले. तिचा ठिपका आणि माझा ठिपका एकावर एक आलेले, पण लेक काही दिसेना. "अगं, मी लायब्ररीच्या दारासमोर उभी आहे," मी म्हणाले. ती म्हणे, "मीपण तिथेच आहे, तू दिसत का नाहीस?" शेवटी मी कठड्यावरून खाली वाकले, तर ती तीन-चार मजले खाली दुसऱ्याच रस्त्यावर उभी होती. मी ज्याला रस्ता समजत होते तो जॉर्ज द फोर्थ ब्रिज, म्हणजे पूल. त्याच्या खालून काउगेट जातो. लायब्ररीचं दार पुलावर आहे आणि तिचे खालचे मजले काउगेटपर्यंत उतरलेले आहेत.

म्हणून पहिला धडा हा, की इथे सपाट नकाशावर भरवसा ठेवू नका. नकाशात दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसले, तरी प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या डोक्यावरून जात असू शकतो. पत्ता विचारताना "किती लांब?" याबरोबर "वर की खाली?" हेही विचारा.

आधी हातावर नकाशा

घराबाहेर पडण्यापूर्वी उजवा हात पुढे धरा. मूठ वळा आणि कोपर मुठीपेक्षा खाली ठेवा. मूठ म्हणजे किल्ला. मनगटापासून कोपरापर्यंतचा उतार म्हणजे रॉयल माइल, जुन्या शहराचा कणा. कोपराशी होलीरूडचा राजवाडा. ही लांबी सुमारे १.८ किलोमीटर आहे. हाताच्या दोन्ही अंगांना खोलगट भाग आहेत. एका बाजूला प्रिन्सेस स्ट्रीटची बाग, दुसऱ्या बाजूला ग्रासमार्केट आणि काउगेट. पिंपळाच्या पानाच्या मधल्या शिरेतून बारीक शिरा निघतात, तसे रॉयल माइलमधून दोन्हीकडे अरुंद बोळ खाली उतरतात. त्यांना इथे 'क्लोस' म्हणतात. इंग्रजीत 'जवळ' या अर्थाचा जो शब्द आहे, तसाच याचा उच्चार. 'बंद करणे'सारखा 'क्लोज' म्हटलं, तर ऐकणारा क्षणभर थबकतो.

हा आकार आला कसा, हे मी वर्गात सांगायची तसंच सांगते. किल्ल्याचा खडक म्हणजे सुमारे पस्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचं बूच. नळीत लाव्हा थिजला आणि त्याचा डोलेराइट झाला. आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचा तो नातलगच, पण वयानं कितीतरी थोर. आपला काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. पुढे हिमयुगात पश्चिमेकडून बर्फाचे थर सरकत आले. हे बूच त्यांना फुटेना. बर्फ दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेला आणि जाताना तिथली जमीन खरवडून नेली. बुचाच्या पाठीमागे, पूर्वेला, मऊ खडकाची शेपटी तेवढी आडोशाला वाचली. त्या शेपटीवर लोकांनी घरं बांधली. साताऱ्यात राजवाड्यापासून समर्थ मंदिराकडे चढताना अजिंक्यतारा सतत कुठे ना कुठे डोकावतो आणि आपण गावात कुठे आहोत ते कळतं. इथे ते काम किल्ला करतो. किल्ला दिसला की पश्चिम कळली.

गुडघ्यांचा नियम

इथली माहितीपत्रकं साधारण असं सुचवतात, की वर किल्ल्यापाशी जा आणि वाटेल त्या बोळानं खाली उतरा. मी त्याच्या उलट सांगते. सज्जनगडावर जाताना माझे गुडघे कधी दुखले नाहीत, दुखले ते उतरताना. साताऱ्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी कारण सांगितलं होतं. पायरी उतरताना अंगाचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. चढताना दम लागतो, पण दम दोन मिनिटं थांबलं की परत येतो. गुडघ्याचं तसं नसतं. म्हणून माझ्या सगळ्या वाटा एकाच नियमावर बांधलेल्या आहेत. पायऱ्या चढायच्या, उतार उतरायचा. सलग जिना खाली जाताना दिसला, तर वळसा घालून रस्त्यानं जायचं, नाहीतर तो जिना दुसऱ्या दिवशी खालून वर चढण्यासाठी राखून ठेवायचा.

यात एक फायदाही आहे. चढताना प्रत्येक टप्प्यावर थांबावं लागतं आणि थांबलं की आपण मागे वळून बघतो. या शहराची उत्तम दृश्यं पाठीमागेच असतात.

बुटांचे तळवे रबराचे, खाचा असलेले घ्या. जुन्या भागातले रस्ते घडीव दगडी ठोकळ्यांचे आहेत आणि पाऊस पडला की ते शेवाळलेल्या घाटासारखे निसटतात. छत्री घरी ठेवा, वाऱ्यानं ती उलटी होते. टोपीचा रेनकोट घ्या. जूनमध्येही पिशवीत स्वेटर हवाच. समुद्रावरून 'हार' नावाचं धुकं येतं तेव्हा अर्ध्या तासात उन्हाळ्याचा हिवाळा होतो. डब्यात पोळीचा रोल आणि थर्मासमध्ये चहा घेतला, तर बागेतल्या कुठल्याही बाकावर दुपार छान जाते. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत बाकांवर दिवंगतांच्या नावांच्या पाट्या असतात. बसण्यापूर्वी मी ते नाव वाचते.

बसचं तिकीट बँकेचं कार्ड टेकवून मिळतं. रोख देणार असाल तर नेमके सुटे द्या, उरलेले पैसे परत मिळत नाहीत.

पहिली वाट: कण्यावरून खाली

माउंड चढून जॉर्ज द फोर्थ ब्रिजकडे जाणारी बस पकडा. माउंड म्हणजे मातीचा ढिगारा, आणि तो खरोखर तसाच आहे. १७६७ मध्ये जेम्स क्रेग नावाच्या तरुण वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार उत्तरेच्या खोलगट भागापलीकडे नवं शहर वसवायचं ठरलं. तिथल्या घरांच्या पायासाठी खणलेली माती गाड्या भरभरून इथे आणून टाकली आणि तिचाच जुन्या-नव्या शहरांना जोडणारा बांध झाला. त्या बांधावरचा चढ बसनं चढण्यात काही कमीपणा नाही.

पुलाच्या सुरुवातीला उतरा, रॉयल माइलवर या आणि डावीकडे वळून किल्ल्याच्या पटांगणापर्यंत चढा. चढ दहा मिनिटांचा आहे. किल्ला आतून बघायचा दिवस वेगळा ठेवा. पटांगणाच्या कठड्यावरून दोन्ही बाजूंच्या खोलगट जागा बघा, हातावरचा नकाशा जुळवा आणि उतरायला लागा.

उतरताना उजव्या-डाव्या बोळांची नावं वाचत चला. फ्लेशमार्केट क्लोस म्हणजे खाटकांचा बोळ, ओल्ड फिशमार्केट म्हणजे मासळी बाजाराचा, बेकहाउस म्हणजे भट्टीचा. आपल्याकडे तांबट आळी, कासार आळी असते तसंच. प्रत्येक बोळात शिरायची गरज नाही. मी पाहुण्यांना तीन दाखवते.

पहिला जेम्स कोर्ट. रॉयल माइलच्या लॉनमार्केट नावाच्या वरच्या भागात डाव्या हाताच्या कमानीतून आत जा, की उंच इमारतींमधला चौक लागतो. मान वर करून मजले मोजा. तटाच्या आत जागा नव्हती म्हणून लोक वर वर बांधत गेले. याच चौकात १८८६ च्या सुमारास पॅट्रिक गेडिस राहायला आले, आणि या माणसासाठी मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे. तेव्हा इथे दाटीवाटीची, आजारांनी भरलेली वस्ती होती. चांगल्या घरचे लोक नव्या शहरात निघून गेले होते. हा वनस्पतिशास्त्राचा माणूस बायकोसह इथे येऊन राहिला, शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंती रंगवल्या, मोकळ्या कोपऱ्यांत बागा केल्या. सगळं पाडून रुंद रस्ते काढा, असं तेव्हाचे नगररचनाकार म्हणत. गेडिसांचं म्हणणं वेगळं होतं. आधी गल्ली न् गल्ली पायी फिरा, काय जगतंय ते बघा, आणि दुखतं तेवढंच काढा. पुढे ते भारतात आले, शहरांचे अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. आपले गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी, आणि त्यांच्यानंतर तो विभाग घुर्यांनी वाढवला. मुंबईच्या त्या वर्गाचं बी या चौकात रुजलं होतं, हे कळल्यापासून मी इथे आल्यावर पाच मिनिटं तरी उभी राहते. किल्ल्याच्या अलीकडचा कॅमेरा ऑब्स्क्युराचा (आरसा आणि भिंगांनी बाहेरचं दृश्य आतल्या मेजावर पाडणाऱ्या यंत्राचा) मनोरा गेडिसांनी १८९२ मध्ये घेतला होता. शहर आधी उंचावरून अखंड बघायचं आणि मग खाली उतरून तपशिलात शिरायचं, अशी त्यांची शिकवण्याची रीत. भूगोल शिकवणाऱ्याला याहून चांगली रीत मला माहीत नाही.

पुढे सेंट जाइल्स चर्चच्या मुकुटासारख्या कळसाजवळून जात हाय स्ट्रीट, म्हणजे रॉयल माइलचा मधला भाग, उतरत राहा. डावीकडे ट्रंक्स क्लोसच्या आतल्या बाजूला एका छोट्या बागेत गेडिसांचा अर्धपुतळा आहे. पुढच्या चौकात रस्त्यावर पितळेचे ठोकळे बसवलेले दिसतील. तिथे नेदरबो नावाची शहराची वेस होती, ती १७६४ मध्ये पाडली. शेजारच्या बोळाचं नाव वर्ल्ड्स एंड क्लोस. वेशीपर्यंतच ज्यांचं जग होतं, त्या माणसांनी दिलेलं नाव. वेशीबाहेरचं कॅननगेट १८५६ पर्यंत वेगळं गाव होतं.

कॅननगेटमधला डनबार्स क्लोस अजिबात चुकवू नका. साधी कमान, साधा बोळ, आणि आत सतराव्या शतकाच्या धर्तीवर १९७० च्या दशकात तयार केलेली बाग. कापून आकार दिलेली झुडपं, वाळूच्या पायवाटा, बाक. रस्त्यावर बॅगपाइप वाजत असतो आणि इथे फक्त पाखरं ऐकू येतात. डबा इथे उघडा. शेजारच्या चर्चच्या आवारात अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ यांची समाधी आहे. खाली उतार संपतो तिथे राजवाडा आणि स्कॉटलंडची संसद. तिथून बसनं परत या. एवढ्याला मला अडीच तास लागतात. घाई करू नका.

बोळांतल्या कितीतरी खिडक्यांमागे आजही घरं आहेत. गटानं आलात तर आवाज खाली ठेवा, आणि कडी लावलेलं फाटक ढकलू नका.

दुसरी वाट: पुलांच्या खालून

ही माझी सगळ्यात आवडती वाट, पण सकाळी करायची. रात्री काउगेटला दारूच्या गुत्त्यांची गर्दी असते.

पुन्हा त्याच पुलावर, लायब्ररीसमोर उतरा. कठड्यावरून खालचा काउगेट बघून घ्या, कारण थोड्या वेळानं तुम्ही तिथून वर बघणार आहात. मग व्हिक्टोरिया स्ट्रीटनं वळत वळत खाली ग्रासमार्केटला या. उतार सोपा आहे, फक्त ठोकळ्यांवर कडेकडेनं चाला. ग्रासमार्केटला पूर्वी गुरांचा बाजार भरायचा आणि फाशीही इथेच द्यायचे. इथून किल्ल्याचा कडा सरळ अंगावर आल्यासारखा दिसतो. मुठीखाली उभं राहून मूठ बघितल्यासारखं वाटतं.

आता पूर्वेला काउगेटमध्ये शिरा. ऊन इथे उशिरा पोचतं, फुटपाथ अरुंद आहे. पहिला पूल डोक्यावरून जाईल, तो आपला मघाचाच. पुढे आणखी एक कमान लागेल, ती साउथ ब्रिजची. हा पूल १७८८ मध्ये खुला झाला. त्याला एकोणीस कमानी आहेत आणि उघडी दिसते ती ही एकच. बाकीच्या अठरा कमानी दोन्ही बाजूंच्या इमारतींनी गिळून टाकल्या. वरून चालणाऱ्या माणसाला आपण पुलावर आहोत हे कळतच नाही. मी तीन आठवडे त्या रस्त्यावरून बसनं गेले होते. ही कमान खालून बघितली तेव्हा समजलं. कमानीखाली उभं राहून वरून जाणाऱ्या बसचा आवाज ऐका आणि मग मागे फिरा.

ग्रासमार्केटच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून 'द व्हेनेल' नावाच्या पायऱ्या वर जातात. फोटो काढणाऱ्यांची तिथे गर्दी असते. इथे नियम लागू करा. हळूहळू चढा, प्रत्येक टप्प्यावर वळा. किल्ला दर टप्प्याला थोडा वर येतो आणि शेवटी तुम्ही त्याच्याशी समोरासमोर होता. वर शहराच्या जुन्या तटाचा तुकडा आणि बुरूज उभा आहे. १५१३ च्या फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा पडला आणि इंग्रज चालून येतील या धास्तीनं हा तट बांधायला घेतला. दगडावर हात ठेवून बघा.

तिथून सगळं सपाट आहे. लॉरिस्टन प्लेसवरून चालत राष्ट्रीय संग्रहालयात या. प्रवेश मोफत, स्वच्छतागृह चांगलं, आणि लिफ्टनं गच्चीवर जाता येतं. सकाळी ज्या खोलगट जागांतून आणि पुलांखालून हिंडलात, ते सगळं आता वरून एका नजरेत दिसतं. ही गच्ची शेवटी ठेवण्याचं कारण तेच. गेडिसांची रीत इथे मी उलटी करते. आधी खालून बघितलेलं असलं, की वरून ओळखता येतं.

दोन छोट्या वाटा

कॅल्टन हिलवर दुपारी एकला पोचा. वॉटर्लू प्लेसकडून पायऱ्या चढा, उतरताना रीजंट रोडकडे जाणारा गाडीरस्ता धरा. वर बारा खांबांचं अर्धवट स्मारक आहे. १८२६ मध्ये सुरू केलं आणि १८२९ मध्ये पैसे संपले म्हणून थांबलं. त्याच्याच बाजूला नेल्सनचा मनोरा आहे. बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून १८५२ पासून त्याच्या माथ्यावरचा गोळा एकच्या ठोक्याला खाली पडतो. धुक्यात गोळा दिसेना, म्हणून १८६१ पासून किल्ल्यावरून तोफही होते. रविवारी, गुड फ्रायडेला आणि नाताळला ती नसते. गोळा पडला की मनात मोजायला लागा. किल्ला इथून सव्वा किलोमीटरवर आहे, म्हणजे आवाज पोचायला साडेतीन सेकंदांच्या वर लागतात. नातवंडं बरोबर असतील तर त्यांना भागाकार करायला लावा.

दुसरी वाट वॉटर ऑफ लीथ नदीच्या काठाची. डीन व्हिलेजच्या जुन्या गिरण्यांपासून टेलफर्ड या अभियंत्यानं बांधलेल्या उंच पुलाखालून, झऱ्यावरच्या देवीच्या गोल मंडपाजवळून स्टॉकब्रिजपर्यंत. सगळी नदीबरोबर उतरत जाणारी, झाडीची, तासाभराची. गुडघा जरा कुरकुरत असेल त्या दिवशी हीच करा.

आणि आर्थर्स सीट? २५१ मीटर उंचीचा हा डोंगर शहराच्या मध्यावर आहे आणि मुलं उत्साहानं म्हणतात, "चला आई, चढूया." चढण जमते. पण माथ्याजवळचा खडक पायांनी घासून गुळगुळीत झालाय आणि उतरताना धरायला काही नाही. आमच्या वयाच्या माणसाला मी सांगणार नाही. सॅलिसबरी क्रॅग्ज या लालसर कड्यांच्या पायथ्याची वाट २०१८ मध्ये दरड कोसळल्यामुळे बंद केली होती. तिकडे जाणार असाल तर फाटकावरची सूचना वाचा आणि पाळा.

त्याऐवजी प्लेझन्स नावाच्या रस्त्याच्या मागे, कड्यांच्या समोर, भूवैज्ञानिक जेम्स हटन यांच्या स्मरणार्थ केलेली एक लहानशी बाग आहे. इथे त्यांचं घर होतं. पृथ्वीचं वय बायबलमधल्या काही हजार वर्षांपेक्षा कितीतरी जास्त असलं पाहिजे, हे त्यांनी इथल्या दगडांवरून ताडलं आणि १७८५ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ एडिंबरापुढे मांडलं. समोरच्या कड्यात दिसतो तो थर, पृथ्वीच्या पोटातून वितळलेला खडक जुन्या गाळाच्या खडकांमध्ये घुसून थिजला तो. हटनना त्यातच पुरावा दिसला. बागेत मोठमोठे दगड मांडलेले आहेत. त्यातल्या दोन-तीन दगडांत फिकट रंगाच्या शिरा दुसऱ्या खडकात घुसलेल्या दिसतात, त्या शोधा. संध्याकाळी साडेआठ-नऊला जा. जूनमध्ये उजेड दहापर्यंत असतो आणि पश्चिमेचं ऊन सरळ त्या कड्यांवर पडतं. मी लेकीला कामावरून आल्यावर तिथेच बोलावते. आता भेटायची जागा ठरवताना ती आधी विचारते, "आई, वर की खाली?"